पेटीवर काय लिहायचं

बाबा गावी होते तेव्हा बैलगाड्यांच्या लाकडावर मोर काढायचे आणि तुमसरच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शेती मोठे काका पाहत. भिलाईला लोखंडाचा कारखाना उभा राहतोय आणि तिथे रंगारी पाहिजेत, असं कुणीतरी सांगितलं म्हणून बाबा एकटे निघून आले. वर्षभर कॅम्पातल्या टिनाच्या शेडमध्ये राहिले आणि सेक्टरमध्ये क्वार्टर मिळाल्यावर मला आणि आईला घेऊन आले. आम्ही आलो तेव्हा पहिली भट्टी पेटून फार दिवस झाले नव्हते. रस्ते आखलेले होते, पण झाडं गुडघ्याएवढी. वारा सुटला की मुरमाची लाल धूळ थेट चुलीपर्यंत यायची.

कारखान्यात बाबांचं काम पाट्यांचं होतं. ‘धोका’, ‘ऊपर काम चालू है’, ‘यहाँ बीड़ी पीना मना है’. क्रेनवरचे आकडेही तेच रंगवत. रशियन लोकांसाठी काही पाट्या रशियन भाषेत लागत. एखादा साहेब कागदावर अक्षरं लिहून द्यायचा आणि बाबा ती बघून बघून उतरवायचे. काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नसे. “मोर काढतो तसंच काढायचं,” ते म्हणायचे. “चोच इकडची तिकडे नाई झाली पायजे, बस.”

मी तेव्हा हिंदी शाळेतून मॅट्रिक होऊन घरी बसले होते. घरात आमचं भंडाऱ्याकडचं बोलणं, शाळेत हिंदी आणि शेजारी तेलुगू, बंगाली, पंजाबी. अक्षर माझं चांगलं होतं. ते बाबांकडूनच आलं असं सगळे म्हणत.

दुर्गात एक छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, चारदोन मोठी पिंपं आणि आठ-दहा माणसं. तिथे फिनाइल तयार होई, संडास धुवायचं तेजाब, म्हणजे अॅसिड, बाटल्यांत भरलं जाई, फरशीचं पॉलिश बने, आणि सगळ्यांत जास्त खप असे तो ढेकणांच्या औषधाचा. कॅम्पात आणि हॉस्टेलांत ढेकणांनी माणसं हैराण झाली होती. त्या शेडची पाटी बाबांनी रंगवून दिली होती, म्हणून मालकाची आणि त्यांची ओळख.

एका रविवारी सकाळी तो मालक आमच्या क्वार्टरवर आला. सायकल-रिक्षात दोन पेट्या. मूळचा दुर्गचाच माणूस, हिंदी बोलायचा. बाबांना म्हणाला, “भैया, माल फिर वापस कर दिया रेलवालों ने। कहते हैं, लेबल नहीं है। अरे, लेबल तो है!”

त्यानं पेटी उघडून एक बाटली काढली. बाटलीवर खरंच सुंदर छापील लेबल होतं. कमळात बसलेली लक्ष्मी, दोन्ही बाजूंना हत्ती आणि खाली कारखान्याचं नाव. बाटलीत संडासाचं तेजाब होतं.

बाबा हसले नाहीत. त्यांनी बाटली हातात धरून नीट पाहिली आणि विचारलं, “अंदर क्या है, ये किधर लिखा है?”

“सबको मालूम है,” मालक म्हणाला.

दुर्ग-भिलाईत ते खरं होतं. त्याचा हातगाडीवाला माणूस गल्लीगल्लीत फिरायचा, बाई दारात आली की ‘हे हाताला लावू नका, पोरांपासून दूर ठेवा’ असं स्वतः बजावायचा. पण आता मालकाला गोंदिया, राजनांदगाव, नागपूरच्या दुकानदारांकडून मागणी येऊ लागली होती. तिकडे हातगाडीवाला जाणार नव्हता.

बाबांनी त्याला सांगितलं की नुसतं परत आणून काही होणार नाही, रेल्वेला काय पाहिजे ते आधी विचारलं पाहिजे. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी ते मालकासोबत मलाही घेऊन स्टेशनच्या मालधक्क्यावर गेले. मला का घेतलं, तर नियम इंग्रजीत असतील आणि वाचून दाखवायला कुणीतरी हवं.

मालधक्क्यावरचे बाबू नागपूरचे होते. वय झालेलं, डोक्यावर काळी टोपी, समोर थंड झालेला चहा. मालकाला बघून ते म्हणाले, “आ गए? बैठिए।” मग माझं आणि बाबांचं बोलणं ऐकून मराठीत आले. “यांना समजावून मी थकलो. तुम्ही तरी ऐका.”

त्यांनी एक जाड पुस्तक काढलं, पण ते उघडलं नाही. तोंडपाठच सांगू लागले. पेटीत काय आहे ते सरळ नावानं लिहायचं, कंपनीचं नाव नव्हे. त्यानं काय अपाय होतो ते लिहायचं, आणि वाचता न येणाऱ्या हमालालाही कळेल असं चित्र काढायचं. जळणारी वस्तू आणि तेजाब एका पेटीत कधीच भरायचं नाही. वरची बाजू कोणती, त्याचा बाण पाहिजे. पाठवणारा कोण, घेणारा कोण. लेबल सुतळीनं लटकवायचं नाही, खळ लावून चिकटवायचं. आणि पेटी जुनी असेल तर तिच्यावरचं आधीचं लेबल खरवडून काढायचं.

“अन् हे सवारी गाडीनं जाणार नाही,” ते म्हणाले. “मालगाडीनंच जाईल.”

मालक म्हणाला, “बाबूजी, इतना सब लिखेंगे तो माल कौन खरीदेगा? डर जाएगा आदमी।”

बाबूंनी चहाचा कप बाजूला सारला. “तुम्ही पेटीसोबत वॅगनमध्ये बसून जाणार का? नाही ना. पेटी एकटी जाते बाप्पा. गोंदियाला रात्रीबेरात्री कोणीतरी तिला पाठीवर घेतो. बाटली फुटली तर तेजाब त्याच्या मानेवर येईल. त्याला आधी कोण सांगेल?”

 परत येताना मालक बाबांना म्हणाला की लेबलं तुम्हीच करून द्या. बाबा म्हणाले, “मी हातभर अक्षरं काढतो. एवढ्याशा चिठ्ठीवर माझा ब्रश चालत नाई. माझी पोरगी करीन.”

असं ते काम माझ्याकडे आलं.

बाबांनी पातळ पत्र्याचे साचे कापून दिले. एक बाणाचा, एक कवटीचा, एक आगीचा. चित्र साच्यानं उमटायचं आणि अक्षरं मी हातानं काढायची. हिंदीत, इंग्रजीत, आणि नागपूरकडे जाणाऱ्या पेट्यांवर मराठीतही. मागच्या अंगणात दोरी बांधून मी लेबलं वाळत टाकायची. लाल रंगाच्या कवट्या रांगेनं वाऱ्यावर हलायच्या. शेजारची तेलुगू बाई पहिल्या दिवशी ते बघून मागे सरकली होती.

आईला हे काम आवडलं नाही. लेबलं चिकटवायला मैद्याची खळ तीच शिजवून द्यायची, त्यात मोरचूद मी घालायची, म्हणजे कीड लागत नाही. पण ‘विष’ हा शब्द लिहिताना मी दिसले की तिचा चेहरा उतरायचा.

“लग्नाची पोरगी,” ती बाबांना म्हणाली. “दिवसभर विष विष लिहून राहिली. काई दुसरं नाई लिहिता येत? ‘औषध’ लिहा म्हना ना.”

“औषध लिहिलं तं पिईन कोनी.”

“मंग ‘खराब हाय’ असं लिहा.”

“खराब तं दूध बी असते वं,” बाबा म्हणाले.

मग चतुर्थीला आणि अमावास्येला मी ब्रश हातात धरायचा नाही असं आईनं ठरवून टाकलं. मी ते पाळलं. मालकाचीही त्याला हरकत नव्हती.

आगीचं चित्र मात्र जमेना. ढेकणांच्या औषधात रॉकेल असायचं आणि पॉलिशमध्ये टर्पेंटाइन, तेव्हा त्या दोन्हींना आगीचं लेबल लागे. पहिला साचा बाबांनी कापला, त्यातून मी छापलं आणि शेजारच्या बंगाली काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “दिये का तेल है? पूजा का?” आईला विचारलं तर तीही तेच म्हणाली. घरी आल्यावर बाबा बराच वेळ चित्राकडे बघत बसले. मग म्हणाले, “बरोबर हाय त्यायचं. दिव्याची ज्योत उभी राहते. लागलेली आग उभी नाई राहत. ते पळते.” त्यांनी नवा साचा कापला. त्यात ज्वाळा एका अंगाला झुकलेल्या, तुटलेल्या, वाऱ्यात सापडल्यासारख्या होत्या. तो साचा पुढे कितीतरी वर्षं आम्ही वापरला.

मालबाबूंनी आमची पहिली पेटी उलटीसुलटी करून बघितली, बोटानं लेबलाचा कोपरा उकलतो का ते पाहिलं आणि पावती फाडली. त्या दिवशी मालकानं सगळ्यांना जिलबी खाऊ घातली.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरत आलं होतं. मुलगा गोंदियाचा, शाळेत विज्ञान शिकवायचा. तो, त्याची आई आणि मामा मला बघायला आले होते. तो फार बोलला नाही. भिंतीवर बाबांनी रंगवलेला भट्टीचा देखावा होता, त्याबद्दल त्यानं दोन प्रश्न विचारले आणि बाबांचं उत्तर मनापासून ऐकलं. मला तो बरा वाटला. त्यांच्याकडून होकार आला आणि पावसाळ्याआधी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करू असं ठरलं.

आईनं मग त्यांच्याकडे पाठवायला शेवया आणि सरगुंडे केले. सरगुंडे म्हणजे आमच्याकडे कणकेची दोरी काडीवर गुंडाळून वाळवतात, आंब्याच्या रसासोबत खातात. शेजारच्या बायकाही हात लावायला आल्या होत्या. त्यांना शेवया माहीत होत्या, सरगुंडे नव्हते. पंजाबी मावशींनी केलेले सगळे जाड झाले, ते आईनं घरी खायला वेगळे काढले.

पाठवायचं कशात? पिशवीत चुरा झाला असता. मागच्या अंगणात मालकाच्या शेडमधून आलेली देवदाराची एक रिकामी पेटी पडली होती. मजबूत, स्वच्छ, आत कधी काही सांडलेलं नाही. शेडमधल्या माणसांनी ती रिकामी करून वरचं झाकण परत खिळ्यांनी पक्कं ठोकलं होतं, ते निघेना, म्हणून बाबांनी पेटी उलटी केली आणि बुडाच्या फळ्या काढल्या. तिकडूनच ती भरली आणि परत ठोकून घेतली. चारही बाजूंची जुनी लेबलं त्यांनी पाणी लावून, खरवडून, लाकूड पांढरं होईपर्यंत साफ केली होती. मग नव्या वरच्या बाजूवर त्यांनी स्वतः पत्ता रंगवला. कोपऱ्यात छोटासा मोर काढला. आई म्हणाली, “अवो, किती सुंदर दिसून राहिलं.”

पेटी रेल्वेनं गेली.

आठवडा झाला असेल. सकाळच्या गाडीनं मुलाचे मामा आले. रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या सोबत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी व्हरांड्यात न आणता फाटकाजवळच ठेवलं. बाबा रात्रपाळी करून नुकतेच आले होते. आईनं पाणी दिलं. मामांनी पेला हातात धरला, पण प्यायले नाहीत.

“पेटी वापस आनली,” ते म्हणाले.

“कावून?” बाबांनी विचारलं. “काई फुटलं तुटलं का?”

मामा उठून फाटकाकडे गेले. गोणपाट काढलं आणि पेटी आडवी केली. तिचं बूड आमच्याकडे झालं. म्हणजे मुळातलं झाकण. तिथे माझं लेबल होतं. लाल कवटी, तिच्याखाली मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत विष. माझ्याच अक्षरात, कुठेही न फाटलेलं.

 पेटी उलटी केल्यावर जी बाजू जमिनीला लागली, तिच्यावरचं लेबल खरवडायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. मी काय झालं ते मामांना सांगू लागले. शब्द भराभर येत होते आणि एकही नीट येत नव्हता. आईनं माझ्या दंडाला धरून मला मागे केलं.

“तुमी पेटी उघडली बी नाई?” तिनं मामांना विचारलं.

“बहिनीनं घरात येऊ नाई देली. दाराच्या बाहेर होती, तिथूनच मी उचलली.”

“अवो, पेटी उघडा,” आई बाबांना म्हणाली.

बाबांनी हातोडा आणला. फळ्या निघाल्या. आत आईच्या जुन्या धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलेल्या शेवया आणि सरगुंडे होते, जसे ठेवले तसे. आईनं ओंजळभर शेवया घेतल्या आणि आत गेली. आम्ही बाहेर बसलो. स्टोव्हचा आवाज येत होता.  मामा फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होते.

आईनं दूध-गुळातल्या शेवया आणल्या, दोन ताटल्या. एक मामांपुढे ठेवली. मामा म्हणाले, “मले भूक नाई ताई, गाडीत खाऊन आलो.”

पाहुण्याआधी आई कधीच जेवली नव्हती. माझ्या आठवणीत तरी नाही. त्या दिवशी ती मामांच्या समोर खाली बसली, दुसरी ताटली मांडीवर घेतली आणि खाऊ लागली. घाई नाही, राग नाही. अर्धी ताटली संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “खा. थंड होऊन राहिल्या.”

मामांनी ताटली उचलली. सगळ्या खाल्ल्या. खाता खाता त्यांचे डोळे भरून आल्यासारखे मला वाटले. तेव्हा मला वाटलं शरमेनं.

“मले समजलं ताई,” ते म्हणाले. “मी सांगीन तिले. पन तिचं मन उठलं. घरातली गोष्ट हाय, मी बोलू नाई शकत. तुमच्या पोरीत काई खोट नाई.”

ते दुपारच्या गाडीनं गेले. लग्न मोडलं असा निरोप नंतर आलाच नाही. साक्षगंधाचा दिवस ठरवायला कुणी आलं नाही, एवढंच.

मला वाईट वाटलं का? वाटलं, पण लोकांना वाटलं तेवढं नाही. माझा राग त्या घरावर होता. एका चित्राला घाबरणारी माणसं, असं मी मनात म्हणायचे. आईचं दुःख वेगळं होतं. तिनं उरलेल्या शेवया शेजारी वाटून टाकल्या आणि त्यानंतर आमच्या अंगणात लेबलांची दोरी बांधू दिली नाही. ओरडली नाही. दोरी तिनं गुंडाळून खुंटीला लावली, आणि तिथे कपडे वाळत घातले.

“काम सोड म्हनत नाई मी,” ती म्हणाली. “पन घरात नको.”

बाबा दोन दिवस जेवताना खाली बघून जेवत होते. मग एका संध्याकाळी मला म्हणाले, “शेडमधी जाऊन करशील का? मी मालकाले बोलतो.” आई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, आणि काही बोलली नाही. आमच्या घरात तो होकार असे.

मी दुर्गला जाऊ लागले. कारखान्याच्या बसनं, सोबत शेजारच्या एक विधवा बाई, त्यांना बाटल्या धुण्याचं काम मिळालं होतं. शेडच्या एका कोपऱ्यात मालकानं मला टेबल दिलं. हळूहळू माझं काम नुसतं लेबलांचं राहिलं नाही. कुठल्या पेटीत काय जातंय, झाकणं घट्ट आहेत का, भुसा पुरेसा भरला आहे का, हेही बघू लागले. रिकामी पेटी शेडबाहेर जाताना सहाही बाजूंनी खरवडून घ्यायची, हे मी हमालांना बजावून ठेवलं होतं. लक्ष्मीचं लेबल मालकानं सोडलं नाही. पण तिला वर सरकवून खाली मोठ्या अक्षरात ‘तेजाब’ छापायला तो तयार झाला.

तीन-चार वर्षं गेली. मधल्या काळात माझं लग्न झालं, लोखंडाच्या कारखान्यातल्या एका फिटरशी. सेक्टर बदलला, पण काम तेच राहिलं. झाडं आता घराच्या कौलाइतकी झाली होती.

एका दुपारी शेडच्या दारात एक माणूस उभा होता. हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. त्यानं मला ओळखलं.

“मी गोंदियाचा,” तो म्हणाला. “विज्ञान शिकवतो.”

 मी स्टूल पुढे केलं. तो बसला. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी लेबलं पाहिजेत, असं म्हणाला. बाटल्यांवरची अक्षरं पुसली गेलीत, मुलं वास घेऊन ओळखायला बघतात. मी विचारलं कोणकोणत्या बाटल्या आहेत, तो सांगत गेला, मी लिहून घेतलं. ते संपल्यावरही तो उठला नाही.

“घरासाठी पण काही पाहिजेत,” तो म्हणाला. “आईनं सांगितलंय.”

“कशावर लावायला?”

“सगळ्यावर. फिनाइल, रॉकेल, ढेकणांचं औषध. माझी मुलगी आता रांगते.” मग तो म्हणाला, “तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा होता. तुमची पेटी आली त्याच्या आदल्या वर्षी गेला. सरबताच्या बाटलीत ढेकणांचं औषध भरून ठेवलं होतं. आईनंच भरलं होतं. बाटलीवर काही नव्हतं.”

शेडमध्ये बाटल्या धुण्याचा आवाज चालू होता. मी ब्रश पाण्यात ठेवला.

“डॉक्टरनं तेव्हा विचारलं होतं, बाटलीवर कवटीचं चित्र नव्हतं का? आईला लिहितावाचता येत नाही. चित्र कसलं, ते तिला माहीत नव्हतं. मग तुमची पेटी आली, आणि तिनं ते पहिल्यांदा पाहिलं.”

मला मामांचे डोळे आठवले. इतकी वर्षं मी त्या बाईला मनात जे काही म्हणत आले होते, तेही आठवलं.

“त्या कशा आहेत?” मी विचारलं.

“बरी आहे. नातीला सोडत नाही. तिनंच मला पाठवलं. म्हणाली, त्या पोरीकडूनच आण, तिचं चित्र लांबून दिसते.”

मी त्याला लेबलं करून दिली. तो घाई नाही म्हणत होता, पण मी तेव्हाच बसले. वाळेपर्यंत तो थांबला. तेवढ्यात आम्ही त्याच्या मुलीबद्दल बोललो, आणि माझ्या नवऱ्याच्या पाळ्यांबद्दल, आणि गोंदियाच्या उन्हाबद्दल. जाताना तो नमस्कार करून गेला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेले.

सुटीच्या दिवशी माहेरी गेल्यावर मी हे आईला सांगितलं. ती गहू निवडत होती. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

“बाटलीत तिनंच भरलं होतं?”

“हो.”

“बापा रे,” आई म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “अन् मी त्या बाईले काय काय बोलली. तिले बोलवू आपन एकदा. नातीले घेऊन ये म्हना.”

त्या दोघींची भेट झाली. कुठल्याशा लग्नाला आम्ही गोंदियाला गेलो होतो तेव्हा आई स्वतः त्यांच्या घरी गेली. मी सोबत नव्हते. आत काय बोलणं झालं ते आईनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. येताना त्यांनी दिलेलं लोणचं मात्र तिनं बरणीभर मला दिलं.

पुढच्याच महिन्यात मालकानं कॉस्टिक सोडा विकायला घेतला. घरी साबण करणाऱ्या बायका तो नेत, आणि बाहेरगावीही मागणी होती. हातावर पडला तर कातडी जळते, पण ज्वाळा निघत नाहीत, म्हणून आगीचं चित्र चालेना, आणि विष म्हणून कवटी काढली तर हाताला जपायचं हे कळत नाही. मालधक्क्यावरचे नवे बाबू म्हणाले, चित्र असं पाहिजे की बघताक्षणी माणसानं हात मागे घेतला पाहिजे.

मी बाबांना विचारायला गेले. ते तेव्हा रिटायर व्हायला आले होते, डोळे अधू झाले होते. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला केलं आणि उजवा हात पालथा ठेवला. नखांत जुना रंग, बोटांच्या सांध्यांवर भेगा.

“हे काढ,” ते म्हणाले. “वरून थेंब पडून राहिला असा दाखव. थेंब मोठा काढ, लहान थेंबाले कोनी भीत नाई.”

मी पेन्सिल काढली. “हलू नका बाबा.”

“मी कुठं हलून राहिलो? तूच सरक, सावली पडते.”

मी खिडकीच्या बाजूला सरकले. आई आतून विचारत होती, संध्याकाळी थांबणार का, भाकरी टाकू का. बाबा हात न हलवता मोठ्यानं म्हणाले, “टाक.”